तुटलेला बोल्ट, गेलेले आटे: मी केलेल्या या चुका तुम्ही टाळा

जुलैतला रविवार, कळव्याला बिल्डिंगखाली बाइकचा सायलेन्सर काढायला बसलेलो. इंजिनच्या वरच्या भागाला, म्हणजे हेडला, सायलेन्सर धरणारे दोन स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) असतात, एम 6 चे, म्हणजे 6 मिमी जाडीचे, एकाचा नट गपचूप निघाला आणि दुसरा हलायलाच तयार नाही. मग मी सगळे करतात तेच केलं, पान्याला पाइप लावला. सुरुवातीला छान फिरल्यासारखं वाटलं, मऊ मऊ, म्हटलं चला सुटला. टक. स्टड हेडच्या बरोबरीने तुटला, वर पकडायला नखाएवढंही काही उरलं नाही.

तर पहिली चूक हीच, तो मऊपणा न ओळखणं. गंजलेला नट खरोखर सुटतो तेव्हा कट्ट असा आवाज येतो आणि हाताला एकदम हलकं लागतं. रबरासारखं लागत असेल, सोडल्यावर पाना थोडा मागे येत असेल, तर नट सुटत नाहीये, बोल्ट पिळला जातोय. तिथेच थांबायचं, उलट थोडा घट्ट करायचा, परत थोडा सोडायचा, तेल मारायचं, असं पुढे-मागे करत राहायचं. आपल्याकडे खाडीची खारट हवा आणि वर चार महिने पाऊस, ठाण्यात काय न वाशीत काय, बाहेर उभ्या गाडीचे नट जाम होणारच. गंज सोडवणारं स्प्रे मारून पाच मिनिटांत पाना लावण्यात काही अर्थ नाही, आदल्या रात्री मारा, सकाळी परत मारा, मध्ये बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने टकटक करा म्हणजे तेल आट्यात उतरतं.

गरम करायचं असेल तर बोल्टावर नको, भोवतीच्या भागावर ज्योत फिरवा. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे भोक मोठं होतं आणि बोल्ट ढिला पडतो. फक्त आधी मारलेला स्प्रे नीट पुसा आणि पेट्रोलची टाकी जवळ असेल तर हा उद्योग घरी करूच नका.

आता माझी मोठी चूक. स्टड तुटल्यावर मी सरळ इझी आउटचा, म्हणजे तुटलेला बोल्ट काढायच्या उलट्या आट्यांच्या काड्यांचा, सेट आणला. व्हिडिओत कसं, भोक पाडलं, इझी आउट ठोकला, फिरवला, बोल्ट बाहेर. पण जो बोल्ट पाइप लावूनही निघाला नाही तो ह्या काडीने कसा निघेल, हे डोक्यातच आलं नाही. एम 6 मध्ये भोक पाडून पाडणार किती, 3 मिमी, आणि त्यात जाणारा इझी आउट पेन्सिलच्या शिसासारखा, कडक पण ठिसूळ. शिवाय तो निमुळता असतो, जितका आत रुततो तितका बोल्टाला आतून फुगवतो, म्हणजे जाम झालेला बोल्ट अजून जाम. माझा आतच तुटला. त्याच्यावर साधं एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं) ड्रिल नुसतं घसरतं, बाजूचं मऊ अॅल्युमिनियम मात्र खातं.

मग हेड उतरवून पिशवीत घालून वागळे इस्टेटला. तिथल्या एका टूलरूममधल्या काकांनी टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाले, "अरे बाळा, बोल्ट काढायचाय की इझी आउट?" म्हटलं काका, दोन्ही. शेवटी स्पार्क मशीनवर, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या मशीनवर, इलेक्ट्रोड लावून जाळून काढला.

इझी आउट वाईट नाही, पण त्याची जागा वेगळी आहे. डोकं उडालंय पण आटे काही फार जाम नाहीत, उदाहरणार्थ जास्त घट्ट केल्यामुळे बोल्ट तुटला, तिथे तो मस्त चालतो. गंजलेल्याला आधी उलट फिरणारं ड्रिल, म्हणजे लेफ्ट हँड बिट, वापरून बघा, ड्रिल मशीन रिव्हर्सला टाकून. भोक पडता पडता गरम होऊन बऱ्याचदा तुकडा स्वतःच फिरत वर येतो. त्याआधी तुटलेलं तोंड कानशीने सपाट करा आणि पंच अगदी मध्यात मारा, तिरक्या तोंडावर ड्रिल घसरलंच म्हणून समजा. काका म्हणाले निम्मी कामं इथेच बिघडतात, भोक एका बाजूला जातं आणि मग हेडचेच आटे कापले जातात.

तुकडा 2-3 मिमी वर असेल तर मात्र माझ्या मते वेल्डिंगसारखा उपाय नाही. वर एक नट ठेवायचा, आतून वेल्ड भरायचं, लाली गेली की पान्याने हळूहळू पुढे-मागे. वेल्डिंगच्या उष्णतेनेच अर्धं काम होतं, आणि लोखंडाचं वेल्ड अॅल्युमिनियमला धरत नाही त्यामुळे हेडला चिकटायची भीती कमी. गाडीवरच करत असाल तर बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा.

आट्यांचं वेगळंच. माझी नोकरी रबाळे एमआयडीसीत, मेंटेनन्सला, तिथे जुन्या मशीनवर अडीच सुताचा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बोल्ट असतो आणि नवीन पोरगा त्यात एम 8 घालतो. दिसायला सारखेच, अडीच सूत म्हणजे 7.94 मिमी. पण एम 8 चा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1.25 मिमी आणि ह्याचे इंचाला 18 आटे, म्हणजे 1.41. दोन-तीन आटे हाताने जातात, मग अडतं, मग पाना, मग आटे गेले. पिच गेज घ्या एक, फार महाग नसतं. एम 10 मध्येही 1.5, 1.25 आणि 1 असे तिन्ही पिच सापडतात.

नुसती घाण किंवा किंचित चेपलेले आटे साफ करायला नवीन आटे कापायचा टॅप घालू नका, तो थोडं मटेरियल खातोच. त्याच मापाचा चांगला बोल्ट घ्या, ग्राइंडरने लांबीला तीन खाचा पाडा, तेल लावून हाताने फिरवा, झाला चेसर. खालून बंद असलेल्या भोकात मात्र नंतर तेल साचू देऊ नका, बोल्ट आवळला की तेलाला जागा नसते आणि कास्टिंगला तडा जाऊ शकतो.

आटे पूर्ण गेलेत तर हेलिकॉइल, म्हणजे भोक मोठं करून आत बसवायची तारेच्या आट्यांची स्प्रिंग. टेफ्लॉन टेप गुंडाळून इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट लावणारे महाभाग मी बघितलेत, त्यांच्याबद्दल काही बोलत नाही. हेलिकॉइलला किटमधलंच ड्रिल आणि टॅप वापरा, एम 8 ला साधारण 8.3 मिमीचं भोक लागतं. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव मागे, आणि सरळ. कॉइल वरच्या पातळीपासून पाव ते अर्धा आटा खाली बसली पाहिजे. आणि कॉइल फिरवून बसवायला खाली असलेली छोटी पट्टी तोडल्यावर ती बाहेर काढा, स्पार्क प्लगच्या भोकात असाल तर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. टॅपला ग्रीस लावलं की कीसही त्यालाच चिकटतो.

परत बसवताना मी दोन्ही स्टड नवीन घातले, नट पितळी घेतले कारण ते स्टडला गंजून धरत नाहीत, आणि आट्यांना अँटी सीझ, म्हणजे ते जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट. घट्ट करताना एम 6 ला साधारण 10 न्यूटन मीटर पुरे, म्हणजे पाना डोक्याजवळ धरून मनगटाने. आणि नट लावताना आधी उलटा फिरवा, आटे एकमेकांत बसले की टिक असं बोटाला जाणवतं, तिथून सरळ. चार-पाच आटे बोटांनी गेले नाहीत तर पाना उचलूच नका.