केनियातील सेवादौऱ्यासाठी मंडळीतील तरुणांची तयारी कशी करावी

परदेशातील सेवादौऱ्यावर तरुण संघ पाठवायचा असे मंडळीने, म्हणजे स्थानिक चर्चने, ठरवले की पहिली बैठक सहसा तिकिटांवर आणि वर्गणीवर संपते. वास्तविक त्या बैठकीचा विषय वेगळा असायला हवा. आपले तरुण तिकडे काय करू इच्छितात हा प्रश्न नंतरचा आहे. ज्या मंडळीकडे ते जाणार, तिने त्यांच्याकडून काय मागितले आहे हे आधी कळले पाहिजे. पुढील मार्गदर्शन केनियाच्या किनारी भागातील, म्हणजे मोंबासा आणि त्याच्या जवळच्या रबाई परिसरातील दौरा डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, प्रवास सुमारे सहा तासांचा आहे, आणि महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा या किनाऱ्याशी जुना संबंध आहे. तयारीसाठी किमान नऊ महिने हाताशी असावेत.

पहिली पायरी: आमंत्रण लेखी घ्यावे

यजमान मंडळीच्या पाळकांशी पत्रव्यवहार करून त्यांच्याकडून लेखी आमंत्रण मागवावे. त्यात कामाचे स्वरूप, राहण्याची सोय, तारखा आणि तरुणांची देखरेख करणाऱ्या स्थानिक व्यक्तीचे नाव असावे. "या, तुमचे स्वागत आहे" एवढेच उत्तर आले, तर नम्रपणे पुन्हा विचारावे. घरी आलेल्या पाहुण्याला नको म्हणणे जसे आपल्याकडे जड जाते तसेच त्यांनाही जाते, त्यामुळे गरज नसलेल्या कामालाही होकार मिळू शकतो. शाळेची भिंत रंगवण्यासाठी तिथे माणसे मिळतात आणि त्या कामावर त्यांचे पोट चालते. ते काम आपल्या महाविद्यालयीन मुलांनी विमानाने जाऊन करण्यात कोणाचेही हित नाही. उलट संडे स्कूलच्या शिक्षकांना साथ देणे, स्थानिक तरुण संघाबरोबर शिबिर घेणे, घरभेटींत पाळकांसोबत जाणे, किंवा आपल्या गटात परिचारिका अथवा संगणक शिकवणारे कोणी असल्यास त्यांच्या विषयाचे प्रशिक्षण देणे, अशा मागण्या बहुधा खऱ्या असतात.

तारखा ठरवताना आपल्या सुट्ट्यांबरोबर तिकडचा पाऊसही पाहावा. केनियात मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ असतो आणि किनाऱ्यावर मे महिन्यात तो जोरात असतो, त्यामुळे आपली उन्हाळी सुट्टी येथे फारशी उपयोगी पडत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात लहान पाऊस पडतो. डिसेंबरअखेर ते जानेवारीचा पूर्वार्ध हा काळ उष्ण असला तरी सोयीचा ठरतो. मात्र नाताळाच्या आठवड्यात यजमान पाळकांना श्वास घ्यायला फुरसत नसते, हे लक्षात घेऊन नाताळानंतरच पोहोचावे.

दुसरी पायरी: निवड घरच्या कामावरून करावी

निवडीसाठी माझ्या मते एकच कसोटी पुरेशी आहे. जो तरुण किंवा तरुणी आपल्या मंडळीत कंटाळवाणे काम नियमितपणे करते, म्हणजे खुर्च्या मांडते, संडे स्कूलला वेळेवर येते, आजारी वृद्धांना भेटायला जाते, तीच परदेशात टिकते. ज्यांना घरी कोणाची सेवा करणे जमलेले नाही त्यांना समुद्रापलीकडे ते एकदम जमू लागेल, अशी अपेक्षा धरू नये. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायात अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा व शौल यांना पाठवले, तेव्हा ते दोघे त्या मंडळीत आधीपासून शिकवण्याचे काम करत होते; आणि त्यांना पाठवण्यापूर्वी मंडळीने उपास व प्रार्थना केली. तोच क्रम आपणही धरावा. त्याच अध्यायात योहान म्हणजेच मार्क अर्ध्या वाटेतून परतल्याचेही लिहिले आहे. त्यामुळे गटातील कोणाला मध्येच माघारी यावे लागले तर काय करायचे, सोबत कोण येईल आणि खर्च कोठून होईल, हे निघण्यापूर्वीच ठरवावे.

गट आठ ते बारा जणांचा असावा आणि त्यात किमान एक अनुभवी पुरुष व एक अनुभवी स्त्री जबाबदार म्हणून असावी. शक्यतो १८ वर्षे पूर्ण झालेल्यांनाच न्यावे. त्याहून लहान कोणी असल्यास आईवडील दोघांचे नोटरी केलेले संमतिपत्र सोबत ठेवावे. पालकांची स्वतंत्र बैठक घ्यावी. त्या बैठकीत मुलीच्या आईने विचारलेला प्रश्न कितीही लहान वाटला तरी त्याला पूर्ण उत्तर द्यावे.

तिसरी पायरी: कागदपत्रांत सत्य लिहावे

पासपोर्ट प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असावा. अठरा वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट साधारणपणे पाच वर्षे किंवा वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंतच चालतो, म्हणून नुकत्याच अठरा पूर्ण झालेल्यांचे पासपोर्ट आधी तपासावेत. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगीची पद्धत सुरू केली आहे आणि तिचा अर्ज ऑनलाइन करावा लागतो.

या अर्जात प्रवासाचे कारण विचारले जाते. "पर्यटन" असे लिहून प्रत्यक्षात शिबिरे घेण्याची आणि उपदेश करण्याची पद्धत काही गटांत रुळलेली दिसते. ती सोडून द्यावी. केनियात धार्मिक व सेवाभावी कार्यासाठी वेगळ्या वर्गाचे परवाने आहेत, आणि अल्प मुदतीच्या कामासाठी स्पेशल पासची तरतूद आहे. आपल्या कामाला यांपैकी काय लागेल हे यजमान मंडळीने तिथल्या इमिग्रेशन विभागाकडून लेखी विचारून घ्यावे. जो गट सुवार्तेची साक्ष द्यायला निघाला आहे, त्याने विमानतळावरील पहिल्याच प्रश्नाला खोटे उत्तर देणे कोणत्याही सोयीसाठी समर्थनीय नाही. शिवाय असे काही उघड झाल्यास आपण परत येतो, पण यजमान पाळकांना तिथेच राहायचे असते.

भारताचा उच्चायोग नैरोबीत आहे आणि मोंबासा येथे सहायक उच्चायोग आहे. दोन्ही ठिकाणचे आपत्कालीन क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये आणि प्रत्येकाच्या खिशातील कागदावरही असावेत.

चौथी पायरी: लस आणि हिवताप

केनियाला जाणाऱ्या प्रत्येक भारतीयाने पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस घेणे आवश्यक आहे. ही लस फक्त शासनमान्य केंद्रांवर मिळते, तेथे आधी वेळ घ्यावी लागते, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होते. २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. प्रमाणपत्र नसल्यास भारतात परतताना विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वाताच्या लसींबद्दलही त्याच भेटीत विचारून घ्यावे.

उंचावरील नैरोबीत हिवतापाचा धोका कमी असला तरी मोंबासाच्या किनाऱ्यावर तो आहे. तेथील हिवतापावर क्लोरोक्विन चालत नाही, त्यामुळे घरात पडलेल्या जुन्या गोळ्या कोणी नेऊ नयेत. डॉक्टर डॉक्सीसायक्लिन, मेफ्लोक्विन किंवा ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल यांपैकी एक औषध ठरवून देतात. यांतील पहिली दोन परतल्यावर चार आठवडे आणि तिसरे सात दिवस चालू ठेवावे लागते. घरी पोहोचल्यावर गोळ्या बंद करण्याकडे तरुणांचा कल असतो, म्हणून गटप्रमुखाने रोज संध्याकाळी संदेश पाठवून प्रत्येकाकडून गोळी घेतल्याचे उत्तर मागवावे. मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारे मलम हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. वैद्यकीय विम्यात रुग्णाला दुसऱ्या शहरात हलवण्याचा खर्च धरलेला असावा.

पाचवी पायरी: नाशिक आणि मोंबासा यांचा संबंध शिकवावा

तयारीच्या बैठकांतील एक पूर्ण संध्याकाळ इतिहासासाठी ठेवावी. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या नौदलाने अरबी समुद्रात पकडलेल्या गुलामवाहू जहाजांवरून सुटका झालेल्या आफ्रिकन मुलांपैकी अनेकांना मुंबईत आणले गेले आणि चर्च मिशनरी सोसायटीच्या नाशिकजवळील शरणपूर येथील आश्रमात त्यांचे शिक्षण झाले. सुतारकाम, लोहारकाम आणि पवित्र शास्त्र शिकून ती मोठी झाली. त्यांपैकी विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड १८६० च्या दशकात मोंबासाजवळच्या रबाई येथे कामाला गेले. जर्मन मिशनरी योहान लुडविग क्राफ १८४४ साली या किनाऱ्यावर आले होते, आणि त्यांची पत्नी व नवजात मुलगी त्याच वर्षी तेथे मरण पावल्या होत्या. पुढे शरणपूरचे काम पाहिलेले विल्यम सॉल्टर प्राइस यांना मोंबासाला पाठवण्यात आले आणि १८७४-७५ मध्ये मुक्त गुलामांसाठी फ्रिअर टाउन ही वसाहत उभी राहिली. तिला मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे नाव दिले होते. जोन्स आणि सेमलर यांना १८८५ साली धर्मसेवेची दीक्षा मिळाली. त्या किनाऱ्यावर हे लोक "बॉम्बे आफ्रिकन" म्हणून ओळखले जातात.

म्हणजे आपल्या तरुणांच्या किती तरी आधी नाशिकहून त्या किनाऱ्यावर ख्रिस्ती सेवक गेले होते, आणि ते आफ्रिकन होते. आपण कोणाला अंधारातून प्रकाशात आणायला निघालो आहोत, अशी जी छुपी ऐट सेवादौऱ्यांत शिरते, तिच्यावर या इतिहासाइतका चांगला उतारा मला दुसरा माहीत नाही. शक्य असल्यास गटाने आधी शरणपूरला जाऊन यावे, आणि मोंबासात रबाईचे क्राफ संग्रहालय व फ्रिअर टाउनची जुनी घंटा पाहावी. त्याच बैठकीत मोंबासा ते किसुमू या रेल्वेची माहितीही द्यावी. १८९६ ते १९०१ या काळात ती बांधण्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते आणि त्यांतील सुमारे अडीच हजार दगावले. भारतीय चेहरा तेथे नवखा नाही; दुकानदार, कारखानदार, शेजारी अशा अनेक ओळखी त्याला आधीच चिकटलेल्या आहेत, आणि त्यांपैकी सगळ्याच गोड नाहीत. काळ्या वर्णाबद्दल आपल्या घरांतून जे सहज बोलले जाते, त्यावर या बैठकीत उघडपणे बोलले गेलेच पाहिजे. हा विषय टाळून केलेली बाकीची सारी तयारी वाया जाते.

सहावी पायरी: बोलण्याचा आणि ऐकण्याचा सराव

केनियातील उपासना दोन-तीन तास चालते आणि पाहुण्यांना उभे राहून अभिवादन करायला सांगितले जाते. "ब्वाना असिफिवे" म्हणजे प्रभूची स्तुती असो, आणि त्याला उत्तर "आमीना". वडीलधाऱ्यांना "शिकामो" म्हणावे. एवढे तरी प्रत्येकाच्या तोंडी बसलेले असावे.

साक्ष (म्हणजे आपल्या विश्वासाच्या अनुभवाचे कथन) बहुधा दुभाष्यामार्फत द्यावी लागते, आणि याचा सराव फारसे कोणी करून घेत नाही. पुढील पद्धत वापरावी: एकाने मराठीत आपली साक्ष सांगावी, दुसऱ्याने प्रत्येक वाक्यानंतर ती हिंदीत सांगावी, आणि बाकीच्यांनी फक्त हिंदी ऐकून काय समजले ते लिहावे. पहिल्या फेरीत बोलणारा चार वाक्ये एका दमात बोलतो, दुभाषा त्यातील दोन विसरतो, आणि ऐकणाऱ्यांच्या कागदावर भलतेच काही उतरते. तिसऱ्या फेरीपर्यंत वाक्ये आपोआप आखूड होतात, थांबे योग्य जागी येतात, आणि तरुण दुभाष्याच्या चेहऱ्याकडे पाहून बोलू लागतात. साक्ष तीन मिनिटांत संपावी. नारायण वामन टिळकांचे एखादे भजन पेटी-तबल्यावर बसवून न्यावे आणि एक स्वाहिली गीतही पाठ करावे.

जेवणाबद्दल लूकच्या शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायातील सूचना पुरेशी आहे: पुढ्यात वाढतील ते खावे. यजमान जेवणापूर्वी तांब्यासारख्या भांड्याने हातावर पाणी घालतात. मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली उजव्या हाताने तोडून, अंगठ्याने त्यात खळगा करून त्याने सुकुमा विकी ही पालेभाजी उचलतात; भाकरी मोडणाऱ्या हाताला हे लवकर जमते. किनाऱ्यावर मुस्लिम वस्ती मोठी आहे, म्हणून पोशाख साधा व अंगभर असावा. यजमान मंडळीने स्वतः नेल्याशिवाय रस्त्यावर पत्रके वाटू नयेत किंवा प्रचार करू नये.

सातवी पायरी: मुले, छायाचित्रे आणि पैसा

अनाथाश्रमाची भेट कार्यक्रमात घालू नये. आठवडाभर जीव लावून निघून जाणाऱ्या पाहुण्यांमुळे तेथील मुलांना पुन्हा पुन्हा दुरावा सोसावा लागतो. शिवाय पाहुण्यांच्या देणग्यांसाठी आईवडील असलेल्या मुलांनाही संस्थांत ठेवल्याची उदाहरणे अनेक देशांत घडली आहेत. कोणत्याही मुलासोबत एकटे राहू नये, आणि पालकांच्या परवानगीवाचून त्याचे छायाचित्र घेऊ नये. हा नियम लिहून त्यावर प्रत्येकाची सही घ्यावी.

रोख रक्कम किंवा वस्तू कोणाच्याही हातात परस्पर देऊ नयेत. द्यायचे ते यजमान मंडळीच्या समितीमार्फत द्यावे आणि पावती घ्यावी. आपली मंडळी धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर न्यासाच्या उत्पन्नातून भारताबाहेर केलेल्या खर्चाला पूर्वपरवानगीशिवाय सहसा आयकराची सवलत मिळत नाही. म्हणून लेखापालाला आधी विचारावे, आणि प्रवासखर्च शक्यतो सहभागींच्या वर्गणीतून व व्यक्तिगत देणग्यांतून करावा.

सामान थोडके न्यावे. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, त्यामुळे कपडे आणि चपला कापडी पिशव्यांत बांधाव्यात. तिकडचे प्लग इंग्लंडसारखे चौकोनी तीन पिनांचे असतात.

आठवी पायरी: परतल्यानंतर

परतल्यानंतरच्या वर्षभरात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे आणि केनियाला जाऊन आल्याचे डॉक्टरांना न विसरता सांगावे. दोन आठवड्यांनी गटाची बैठक घ्यावी आणि त्यानंतरच मंडळीसमोर अहवाल द्यावा. तो अहवाल आधी यजमान पाळकांना पाठवून त्यांची संमती घ्यावी, कारण त्यांच्या लोकांबद्दल आपण इथे काय सांगतो हे जाणण्याचा त्यांना हक्क आहे. पत्रव्यवहाराची जबाबदारी गटातील दोघांवर नावानिशी सोपवावी, आणि पुढच्या वर्षी यजमान मंडळीतील दोन तरुणांना आपल्याकडे बोलावण्याचा खर्च या दौऱ्याच्या अंदाजपत्रकातच धरून ठेवावा.