काळ एक, पुस्तकं वेगवेगळी: घरी शिकणाऱ्या भावंडांचा इतिहास आणि साहित्य एकत्र कसं घ्यायचं

आमच्याकडे तिघं घरीच शिकतात, धाकटी ७ वर्षांची, मधला १०, थोरली १३. सुरुवातीला मी तिघांना तीन वेगळे इतिहास लावले होते, एकीला अश्मयुग, एकाला शिवकाल, एकीला इंग्रज, आणि दोन महिन्यांत दमछाक झाली, शिवाय जेवताना तिघांना एकमेकांशी बोलायला काही समान विषयच नसायचा. आता काळ सगळ्यांचा एकच आणि पुस्तकं ज्याच्या त्याच्या झेपेप्रमाणे. नुकतंच आम्ही सहा आठवडे १८५७ केलं, त्याच्यावरूनच सांगते.

आधी पातळी बघा, आणि इयत्ता विसरा. अनोळखी पुस्तकाचं एक पान मुलाला मोठ्याने वाचायला द्या, अडेल त्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडा, पाच बोटं झाली तर ते पुस्तक एकट्याने वाचायचं नाही, तुमच्यासोबत वाचायचं. मराठीत जोडाक्षरंही बघावी लागतात. धाकटी 'तलवार', 'तोफ' धडाधड वाचते पण 'स्वातंत्र्ययुद्ध' आलं की तिचं बोट त्या शब्दाखालीच थांबतं, ऐकून अर्थ पक्का माहीत असला तरी. आणि प्रत्येक भाषेची पातळी वेगळी लिहून ठेवा. थोरली आधी इंग्रजी माध्यमात होती, ती इंग्रजीत जाडजूड कादंबऱ्या संपवते, मराठीत मात्र मधल्याच्या बरोबरीला आहे, आणि हे कळल्यावर तिच्यावर उगाच चिडणं माझं थांबलं.

मग पुस्तकांचे तीन ढीग करा: सहज वाचता येईल ते, थोडा जोर लावावा लागेल ते, आणि फक्त ऐकायचं ते. सहजच्या ढिगात आमच्याकडे झाशीच्या राणीवरची चित्रकथा होती आणि ती तिघांनीही वाचली, थोरलीनेसुद्धा, तिला मी मुद्दाम तिथूनच सुरुवात करायला लावली. गंगाधरराव, नानासाहेब, तात्या टोपे ही नावं आणि कोण कुणाच्या बाजूने हे डोक्यात बसलं की पुढचं अवघड पुस्तक निम्मं सोपं होतं. सोपं पुस्तक मोठ्यांना कमीपणाचं असतं हे मुलांच्या मनातून काढून टाका. दुसऱ्या ढिगात बालभारतीचं आठवीचं इतिहासाचं पुस्तक, त्यात १८५७ वर स्वतंत्र धडा आहे, पीडीएफ फुकट मिळते. 'किशोर' मासिकाचे जुने अंकही ऑनलाइन फुकट आहेत, मधला त्यात तासनतास रमतो.

तिसरा ढीग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण मुलं स्वतः वाचू शकतात त्यापेक्षा कितीतरी अवघड भाषा ऐकून समजू शकतात. विष्णुभट गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' मी रात्री जेवणानंतर वाचून दाखवलं, रोज वीस मिनिटं. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक, घरची ओढाताण म्हणून दक्षिणा मिळवायला उत्तरेला निघाले आणि बंडात सापडले, १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते गावातच होते. धाकटीला त्यातले अर्धे शब्द नवीन, पण त्यांनी आईवडलांसाठी गंगेची कावड घरी आणली हे ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी ती काठीला दोन बाटल्या बांधून घरभर फिरत होती. एक बघून घ्या, १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी काढलेल्या आवृत्तीत त्यांनी बरेच बदल केलेले होते, मूळ हस्तलिखितावरून पुस्तक दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणलं. थोरलीला मी दोन्हीतला एकच प्रसंग शेजारी शेजारी ठेवून दिला, इतिहास आणि साहित्य दोन्ही एका टेबलावर झालं.

भाषा सोपी म्हणजे मजकूर सोपा असं नसतं हं. कानपूरची कत्तल, झाशी पडल्यावरची मारहाण-लुटालूट, हे सोप्या वाक्यांतही सात वर्षांच्या पोरीला झेपत नाही. वाचून दाखवण्याआधी पानं स्वतः वाचा, गाळायचं तिथे पेन्सिलने खूण करा, मोठीला ते नंतर वेगळं वाचू द्या.

लिहिण्याचं काम थोडक्यात: धाकटी तोंडी सांगते, मी लिहून घेते, मधला पाच-सहा वाक्यं, थोरली पानभर.

आणि भिंतीवर एक सुतळी बांधा, तिला चिमट्याने तारखांच्या चिठ्ठ्या लावायच्या, ज्याला आपल्या पुस्तकात जी तारीख सापडेल ती त्याने लावायची. मेरठ १० मे १८५७ धाकटीने लावली, तात्या टोपेंची फाशी १८ एप्रिल १८५९ मधल्याने, तात्या मूळचे येवल्याचे म्हणून त्याला ते आपलेच वाटतात. राणीच्या मृत्यूपाशी मात्र भांडण झालं. धाकटीच्या पुस्तकात १८ जून १८५८, थोरलीच्यात १७ जून, आणि दोघीही आपापलं पान उघडून माझ्यासमोर उभ्या. मी निकाल दिला नाही, दोन्ही तारखा खरंच छापल्या जातात एवढंच सांगितलं, आणि लढाईच्या धामधुमीत ग्वाल्हेरला तारीख कोणी आणि कधी लिहून ठेवली असेल हे तिघांना शोधायला लावलं. सुतळीवर अजून दोन्ही चिठ्ठ्या आहेत, मध्ये धाकटीने लाल खडूने मोठं प्रश्नचिन्ह काढून लावलंय.