गंगेला पूर येण्याआधी: घर कधी सोडायचं आणि गुरं कुठे न्यायची

नाशिकमध्ये आपण गोदावरीलाच गंगा म्हणतो. तिच्यावरचं गंगापूर धरण भरत आलं की पहिलं काम एकच, गुरांची जागा ठरवा. माणसांची नाही, गुरांची. माणसं बहिणीकडे मावतात, मनपाच्या शाळेत मावतात, रात्र काढायचीच तर पायरीवरही बसून निघते. दोन म्हशी, एक रेडकू आणि कुत्रं घेऊन दारात उभं राहिल्यावर 'या' कोण म्हणणार, हे अंगणात पाणी आल्यावर शोधता येत नाही. मागच्या पुरात आमच्याकडे पिशव्या भरलेल्या होत्या, छोटा हत्ती टेम्पोवाला थांबायला तयार होता, आणि म्हशी उतरवायच्या कुठे हेच ठरलेलं नव्हतं. वेळ गेला तो तिथे. 2005 साली अमेरिकेत कॅटरिना वादळ आलं तेव्हा निवाऱ्यात कुत्र्यामांजरांना घेत नाहीत म्हणून कितीतरी लोकांनी घर सोडायला नकार दिला. पुढच्याच वर्षी तिथे कायदा करून पाळीव प्राण्यांना सुटकेच्या आराखड्यात जागा द्यावी लागली. आपल्याकडे वादळ नाही, पूर येतो, पण माणसाचा पाय अडकतो तो असाच.

आता जागा कशी हवी ते सांगते. नदीच्या आपल्याच काठावर हवी. पलीकडचा मळा कितीही चांगला असला तरी उपयोग नाही, कारण खालचे पूल आधी पाण्याखाली जातात आणि वरच्या पुलांवर बघ्यांची आणि गाड्यांची गर्दी होते. पंचवटीकरांनी म्हसरूळ-आडगावकडे बघावं, आनंदवल्लीकरांनी सातपूरकडे. जमीन उंच हवी, जवळून नाला वाहत नसावा, वर पत्रा असावा, पाण्याची सोय असावी. आणि मालकाला जूनमध्येच प्रत्यक्ष भेटून विचारा. 'काय हो, येईल ना वेळ आली तर आमची जनावरं?' एवढं मोकळेपणाने बोला, किती जनावरं आणि किती दिवस तेही सांगा. फोनवर 'हो हो, बघू' म्हणाले तर ते हो नाही, दुसरी जागा शोधा. दोन जागा असल्या तर फारच चांगलं.

निघायचं कधी? टीव्हीवर दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे नाशिककर ज्या मूर्तीवरून पूर मोजतात तिच्या, कमरेला पाणी लागलेलं दिसलं म्हणून निघू नका, आणि ते गुडघ्यालाच आहे म्हणून थांबूही नका. मारुतीची खूण रामकुंडाची आहे, तुमच्या गल्लीची नाही. विसर्गाचा, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्याचा, आकडा क्युसेकमध्ये येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर, म्हणजे दहा हजार क्युसेक सोडले की दर सेकंदाला दोन लाख ऐंशी हजार लिटर पाणी. पण हा आकडा फक्त धरणाचा. धरणाच्या खाली शहरात पडलेला पाऊस, नासर्डी आणि वाघाडी या उपनद्यांचं पाणी त्यात धरलेलं नसतं. खाली चांदोरी-सायखेड्याकडे तर दारणा नदीचंही पाणी येऊन मिळतं आणि पुढे नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याचा फुगवटा असतो, त्यामुळे तिकडच्यांनी गंगापूर आणि दारणा या दोन्ही धरणांचे आकडे बघावेत. सगळ्यात भरवशाची खूण तुमच्या स्वतःच्या भिंतीवर असते. कोणत्या विसर्गाला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, हे गोठ्याच्या खांबावर तेलाच्या रंगाने लिहून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून 2008, 2016 आणि 2019 च्या खुणा करून घ्या. त्यातली सगळ्यात खालची खूण गाठण्याच्या कितीतरी आधी गुरं निघालेली हवीत.

कारण घर रिकामं व्हायला किती वेळ लागेल हे माणसांवरून ठरत नाही. गाभण म्हैस गाडीत चढायला किती वेळ घेते, त्यावरून ठरतं. फळी ओली झाली की ती पाय टाकत नाही, ओढलं की बसते. गाडीचं मागचं तोंड बांधाला किंवा उंचवट्याला लावा, फळीवर बारदान आणि वर थोडी माती टाका, पुढे ओळखीचा माणूस पेंडीचं घमेलं घेऊन उभा राहू दे. उन्हाळ्यात एकदा चढवून-उतरवून बघा. रात्री, पावसात, अनोळखी ड्रायव्हरच्या आरडाओरड्यात म्हैस चढत नाही. म्हणून धरणातून विसर्ग वाढवणार अशी सूचना संध्याकाळी आली तर उजेड असतानाच गुरं हलवा. पाणी आलंच नाही तर एक भाडं वाया गेलं, बाकी काही नाही. सप्टेंबर लागला, गणपती झाले, म्हणून निर्धास्त होऊ नका. 2008 चा पूर सप्टेंबरातलाच. धरण काठोकाठ असतं तेव्हा त्र्यंबककडे पडलेला पाऊस साठवायला जागा उरत नाही.

विळा. गोठ्यात आढ्याला, हात पुरेल एवढ्या उंचीवर, एक धारदार विळा अडकवून ठेवा आणि तो दुसऱ्या कामाला कोणी नेणार नाही हे बघा. भिजलेल्या दाव्याची गाठ म्हैस ओढते तशी आवळत जाते, बोटांनी सुटत नाही. साखळी असेल तर पावसाळ्यापुरती काढून टाका. काही झालं आणि जनावर नेता आलं नाही तर बांधून ठेवू नका, गोठ्याचं दारही लावू नका. म्हैस चांगली पोहते, बांधलेली म्हैस बुडते. दावं गळ्याजवळून कापा, लोंबतं टोक ठेवू नका, ते वाहत आलेल्या फांद्यांत गुंततं. शेळ्या-करडं मात्र मोकळी सोडून भागणार नाही, त्यांना उचलूनच न्यावं लागतं, म्हणून पहिली खेप त्यांची.

मांजर सामान हलायला लागलं की गायब होतं. पिशवी काढायच्या आधी त्याला एका खोलीत कोंडा. पेटी नसेल तर टोमॅटोची दोन क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीने चारही बाजूंनी बांधा, आत जुनी साडी टाका, हवा खेळती राहते आणि मांजर निसटत नाही. कोंबड्याही अशाच, वरून गोणपाट टाकलं की शांत बसतात. कुत्र्याला पट्टा आणि साखळी, नव्या जागी पहिले दोन दिवस मोकळं सोडायचं नाही. त्याच्या रेबीजच्या लसीचा कागद बरोबर ठेवा.

आणि हे सगळं नेणार कुठे? जागा ठरली का? नसेल तर पुढचं वाचायच्या आधी फोन उचला.

गुरांना घटसर्प आणि फऱ्या या रोगांची लस पावसाळ्याआधीच टोचून घ्या, कारण वेगवेगळ्या गोठ्यांतली जनावरं एकत्र आली की रोग पसरतो. प्रत्येकाच्या कानातल्या बिल्ल्याचा, बारा आकडी नंबर वाचता येईल असा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. तीन-चार दिवसांचा कोरडा कडबा आणि पेंड आधीच त्या जागेवर टाकून ठेवा, यजमानाच्या वैरणीवर डोळा ठेवून जाऊ नये. धार काढायचं भांडं न्या, तुंबलेल्या कासेला दगडी, म्हणजे कासेची सूज, होते. आजारी जनावरासाठी 1962, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी 1077.

माणसांचं सामान तुम्हाला माहीत आहे. कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये, औषधं, बॅटरी, चार्जर. सिलिंडर बंद, मेन स्विच बंद.

परत आल्यावर आधी फोटो, मग झाडलोट, नाहीतर पंचनाम्याला दाखवायला काही राहत नाही. भिंती वाळल्याशिवाय आणि वायरमनने बघितल्याशिवाय लाइट लावू नका. अडगळीत साप असतो, काठीने हलवा. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाका. पाण्यात बुडालेली वैरण जनावरांपुढे टाकू नका, कितीही महागाची असली तरी, ती उकिरड्यावर. गुरं सगळ्यात शेवटी आणा, गोठा कोरडा झाल्यावर. तोवर ज्यांनी जागा दिली त्यांच्याकडे रोज सकाळ-संध्याकाळ शेण काढायला स्वतः जा, पुढच्या वर्षी परत विचारायचं आहे.