वसाहत फुटण्यापूर्वी मधपेटीची विभागणी कशी करावी

वसाहत फुटणे हे मधमाश्यांचे पुनरुत्पादन आहे. जुनी राणी निम्म्या किंवा त्याहून अधिक कामकरी माश्यांसह पेटी सोडते आणि मागे राहिलेल्या माश्या राणीघरांत, म्हणजे राणी वाढवण्यासाठी बांधलेल्या खास कोठड्यांत, वाढणाऱ्या नव्या राणीची वाट पाहतात. ही ऊर्मी मारून टाकण्याचा खटाटोप सहसा व्यर्थ जातो. त्यापेक्षा वसाहत आपणच वेळेवर विभागणे शहाणपणाचे.

फुलोऱ्याच्या हंगामात पिल्लांच्या कोठ्यात दाटी होते, राणीने अंडी घालावीत त्या कोठड्यांत मकरंद भरला जातो आणि राणीचा गंध सर्व माश्यांपर्यंत पुरेसा पोहोचत नाही; यातूनच वसाहत फुटण्याची ऊर्मी वाढते. म्हणून मधकोठा, म्हणजे पिल्लांच्या कोठ्यावरचा मध साठवण्याचा मजला, गच्च भरण्याआधीच त्यावर दुसरा चढवावा. त्यात नुसते मेणपत्रे (ज्यांवर माश्या पोळे बांधतात ते मेणाचे पातळ पत्रे) देण्याऐवजी बांधून तयार असलेली पोळी दिल्यास माश्यांना मकरंद लगेच साठवता येतो. राणी तरुण असेल तर वसाहत फुटण्याची शक्यता बरीच कमी असते.

हंगामात दर 7 दिवसांनी पेटी तपासावी. अंडे घातल्यापासून सुमारे 8 दिवसांनी राणीघर मेणाने बंद होते, 16 दिवसांच्या सुमारास राणी बाहेर येते आणि पहिला थवा बहुधा राणीघर बंद होण्याच्या वेळीच, हवा चांगली असल्यास, निघून जातो. पोळ्याच्या खालच्या कडेला लोंबणाऱ्या मेणाच्या रिकाम्या वाट्या, म्हणजे राणीघरांची सुरुवात, दिसल्या म्हणून घाबरू नये. वाटीत अंडे किंवा पांढऱ्या खाद्यात पहुडलेली अळी असेल, तरच तयारी सुरू झाली असे समजावे. पोळ्याच्या मध्यभागी एखाद-दोनच राणीघरे असतील, तर बहुधा माश्या जुनी राणी बदलत असतात. अशा वेळी हात न लावणे उत्तम.

राणीघरे दिसताक्षणी ती मोडण्याची सवय मला चुकीची वाटते. एखादे राणीघर माश्यांच्या गर्दीत हमखास नजरेतून सुटते, आणि थवा आधीच गेलेला असेल तर सर्व राणीघरे मोडल्याने वसाहत कायमची राणीविना राहू शकते. म्हणून आधी अंडी शोधावीत: कोठडीत उभे अंडे दिसले, तर निदान गेल्या 3 दिवसांत राणी तेथे होती.

राणी असल्याची खात्री पटल्यावर, माश्या भरपूर उडत असताना, जुनी पेटी साधारण एक मीटर बाजूला सरकवावी आणि तिच्या मूळ जागी रिकामी पेटी ठेवावी. राणी ज्या चौकटीवर (पोळे धरणाऱ्या लाकडी चौकटीवर) असेल ती चौकट, तीवरील राणीघरे काढून, नव्या पेटीच्या मध्यभागी ठेवावी आणि उरलेल्या जागेत तयार पोळी किंवा मेणपत्रे लावावेत. मधकोठेही हिच्यावरच चढवावेत, कारण बाहेर गेलेल्या माश्या सवयीने जुन्या जागीच परततात. बाजूच्या पेटीत पिल्ले, त्यांना भरवणाऱ्या तरुण माश्या आणि राणीघरे राहतात. तेथे अळी स्पष्ट दिसणारे, चांगले पोसलेले एक राणीघर राखून त्या चौकटीवर खूण करावी आणि बाकीची काढावीत; ही चौकट झटकू नये, कारण धक्क्याने आतील अळी दगावते किंवा अधू होते. आठवडाभराने, आणीबाणीत नवी बांधलेली राणीघरे काढून, ही बाजूची पेटी राणीच्या पेटीच्या दुसऱ्या बाजूला हलवावी. मधल्या काळात उडू लागलेल्या माश्या तेव्हा राणीच्या पेटीत शिरतात आणि मागाहून दुसरा थवा निघण्याचा धोका घटतो.

एवढे करूनही थवा निघालाच, तर तो प्रथम जवळच्या फांदीवर घोस करून बसतो. रक्षण करण्याजोगे घर नसल्याने या माश्या सहसा शांत असतात, तरी जाळीची टोपी घालावीच. घोसाखाली पेटी धरून फांदीला एक जोरदार झटका द्यावा. राणी आत पडली असेल तर उरलेल्या माश्याही हळूहळू आत शिरतात. पेटी संध्याकाळपर्यंत तेथेच राहू द्यावी.

नव्या राणीच्या पेटीला पुढे सुमारे तीन आठवडे छेडू नये, कारण मीलनासाठी उडून परतणारी राणी त्या गडबडीत गमावण्याची भीती असते. त्यानंतरही अंडी दिसली नाहीत, तर दुसऱ्या पेटीतील अंडी असलेली एक चौकट तेथे द्यावी. तीवर माश्यांनी राणीघरे बांधायला घेतली, तर वसाहतीत राणी नाही हे ठरते, आणि नवी राणी वाढवण्याची सोयही त्याच चौकटीत होते.