मधुमेह: निदानापासून दैनंदिन नियंत्रणापर्यंत

मधुमेहाचे निदान झाले की औषधे जन्मभर घ्यावी लागतील का आणि त्यांच्याऐवजी एखादा नैसर्गिक उपाय पुरेल का, हे दोन प्रश्न बहुतेक रुग्णांच्या मनात येतात. त्यांचे उत्तर मधुमेहाच्या प्रकारावर अवलंबून असल्यामुळे आधी तो प्रकार समजून घ्यावा.

पहिल्या प्रकारात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन, म्हणजे रक्तातील साखर पेशींत पोचवणारे संप्रेरक, तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी अशा रुग्णांसाठी जवळजवळ उपासमारीच्या आहाराखेरीज काही नव्हते आणि त्यानेही मृत्यू फक्त लांबत असे. म्हणून या प्रकारात इन्सुलिनला कोणताही पर्याय सुचवणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळणे होय. बहुसंख्य रुग्णांना असणाऱ्या दुसऱ्या प्रकारात इन्सुलिन तयार होते, परंतु स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशी त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत; ती उणीव भरून काढण्यासाठी स्वादुपिंड अनेक वर्षे जादा काम करते आणि अखेर कमी पडू लागते. गरोदरपणातील मधुमेह बहुधा प्रसूतीनंतर नाहीसा होतो, मात्र त्या स्त्रीला पुढे दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होण्याचा धोका वाढलेला असल्याने तिने ठरावीक काळाने तपासणी करत राहावी.

वारंवार तहान व लघवी लागणे, कारण नसताना वजन घटणे, अंधुक दिसणे आणि जखमा लवकर न भरणे ही परिचित लक्षणे आहेत. तथापि दुसरा प्रकार कित्येक वर्षे काहीही जाणवू न देता वाढतो, त्यामुळे लक्षणांची वाट पाहू नये. उपाशीपोटी रक्तातील साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असेल तर ती सामान्य, १०० ते १२५ असेल तर मधुमेहपूर्व अवस्था, आणि १२६ किंवा अधिक असेल तर मधुमेह मानतात. मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीए१सी चाचणीसाठी हेच टप्पे ५.७ टक्क्यांपेक्षा कमी, ५.७ ते ६.४ आणि ६.५ किंवा अधिक असे आहेत. ठळक लक्षणे नसताना एकाच अहवालावर निदान पक्के करू नये, चाचणी पुन्हा करावी. रक्तक्षय असणाऱ्यांत किंवा नुकतेच रक्त चढवलेल्यांत एचबीए१सीचा आकडा फसवा असू शकतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

मधुमेहपूर्व अवस्था हा प्रतिबंधाचा सर्वांत फलदायी काळ आहे, आणि नेमका तोच बहुतेक जण 'थोडीशीच साखर आहे' असे म्हणून वाया घालवतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, वजन सुमारे सात टक्क्यांनी घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे मध्यम व्यायाम करणे ही उद्दिष्टे दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी आढळले, तर मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी कमी होते. ऐंशी किलो वजनाच्या व्यक्तीसाठी सात टक्के म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास. हे उद्दिष्ट आवाक्यातले आहे.

आहारात गोड पेये, फळांचे रस आणि मैद्याचे पदार्थ सर्वांत आधी कमी करावेत, कारण त्यांतील साखर फार वेगाने रक्तात येते. पिष्टमय पदार्थ पूर्णपणे वर्ज्य करण्याची आवश्यकता नसते. त्यांचे प्रमाण मोजके ठेवावे आणि ताटाचा निम्मा भाग पिष्ट नसलेल्या भाज्यांचा असावा. जेवताना भाज्या व प्रथिने आधी आणि पिष्टमय पदार्थ शेवटी घेतल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे लहान प्रयोगांत दिसले आहे. त्याला खर्च काहीच नसल्यामुळे करून पाहायला हरकत नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे, कारण काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातील साखर ओढून घेतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायामही करावेत. अपुरी झोप इन्सुलिनचा प्रतिसाद बिघडवते आणि धूम्रपानामुळे हृदय व रक्तवाहिन्यांचा धोका वाढतो, म्हणून पथ्याच्या यादीत या दोहोंनाही स्थान द्यावे.

नैसर्गिक आणि आधुनिक औषधे यांच्यात जी भिंत उभी केली जाते, ती औषधांच्या इतिहासात फारशी दिसत नाही. मेटफॉर्मिनचे मूळ गॅलेगा नावाच्या वनस्पतीतील रसायनात आहे; लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांची कल्पना सफरचंदाच्या झाडाच्या सालीतील फ्लोरिझिनवरून आली. फरक एवढाच की या औषधांची मात्रा, परिणाम आणि दुष्परिणाम मोजलेले आहेत. घरगुती उपायालाही हीच कसोटी लावावी. मेथीदाण्यांतील विद्राव्य तंतू साखरेचे शोषण मंदावतात, त्यामुळे त्यांचा थोडा उपयोग संभवतो. दालचिनीबाबतचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत, शिवाय तिच्या कॅसिया जातीतील कुमारिन जास्त प्रमाणात यकृताला अपायकारक ठरते. कारल्याचा रस साखर कमी करणाऱ्या गोळ्यांसोबत घेतल्यास साखर एकदम खाली जाण्याची शक्यता असते. घटक न छापलेली चूर्णे मुळीच घेऊ नयेत; अशा काही उत्पादनांत शिसे, तर काहींत चोरून मिसळलेली मधुमेहाची औषधे सापडली आहेत. कोणताही उपाय सुरू करायचा असल्यास डॉक्टरांना कल्पना द्यावी, एका वेळी एकच बदल करावा, आधीची व नंतरची मापने लिहून ठेवावीत आणि चालू औषध स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नये.

औषधे कायमची असतील का, याचे उत्तर दुसऱ्या प्रकारात नेहमी 'हो' असे नाही. निदानानंतर पहिल्या काही वर्षांत पुरेसे वजन घटवल्यास काही रुग्णांची साखर औषधांविनाही मधुमेहाच्या पातळीखाली राहते. परंतु औषधे कमी करणे वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावे आणि तपासण्या पुढेही चालू ठेवाव्यात, कारण वजन परतले की आजारही परततो. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांनी बी१२ जीवनसत्त्वाची पातळी अधूनमधून पाहावी.

अनेक प्रौढांसाठी एचबीए१सी सात टक्क्यांखाली, उपाशीपोटी साखर ८० ते १३० आणि जेवणानंतर १८०पेक्षा कमी ही उद्दिष्टे ठेवतात. वृद्ध किंवा इतर गंभीर आजार असलेल्या रुग्णांसाठी ती शिथिल करतात. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांकडे दुर्लक्ष करून फक्त साखर सांभाळणे हे अर्धेच काम होय. डोळ्यांच्या पडद्याची, लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची, मूत्रपिंडाच्या कार्याची आणि पायांच्या संवेदनेची तपासणी साधारणपणे वर्षातून एकदा करावी. संवेदना कमी झाली असल्यास पाय रोज स्वतः पाहावेत. न दुखणारी जखमच सर्वाधिक धोक्याची असते.

साखर ७०च्या खाली गेल्यास, घाम, थरथर, धडधड किंवा गोंधळलेपणा जाणवल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि गरज पडल्यास तेवढीच मात्रा परत घ्यावी. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये, तातडीने वैद्यकीय मदत बोलवावी. ताप किंवा उलट्या असतील तेव्हा साखर अधिक वेळा तपासावी, पाणी पीत राहावे आणि जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन पूर्णपणे बंद करू नये. मात्र उलट्या, जुलाब किंवा उपासाच्या काळात मेटफॉर्मिन आणि लघवीवाटे साखर टाकणाऱ्या गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागू शकतात. त्याविषयीच्या सूचना डॉक्टरांकडून बरे असतानाच लिहून घ्याव्यात. उलट्या थांबत नसतील, श्वास जलद व खोल होत असेल किंवा पोटात तीव्र वेदना असतील तर साखरेचा आकडा फारसा चढलेला नसला तरीही रुग्णालय गाठावे.