ॲन्सिबलमध्ये अनेक कस्टमरसाठी कॉमन व्हेरिएबल कसे ठेवायचे

ॲन्सिबल म्हणजे बऱ्याच सर्व्हरवर एकदम सेटिंग्ज लावणारं टूल, आणि प्लेबुक म्हणजे त्याला द्यायची कामांची (टास्कची) यादी. एकाच प्लेबुकवर बरेच कस्टमर चालवायला लागलं की प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये तीच ती सेटिंग्ज कॉपी-पेस्ट व्हायला लागतात. टाइमझोन, एनटीपी सर्व्हर (सर्व्हरचं घड्याळ जुळवणारा), लॉग किती दिवस ठेवायचे वगैरे, आणि मग त्यातलं एक बदलायचं म्हटलं की सगळीकडे हात घालत बसा, एखादं फोल्डर तर हमखास राहतंच. म्हणून ते सगळं एका जागी आणायचं. इथपर्यंत सोपंय. पण एखाद्या कस्टमरला एखादी व्हॅल्यू वेगळी हवी असेल तर तिथे त्याचीच लागली पाहिजे ना, गाडी अडते ती इथे, त्यामुळे खाली त्यावरच जास्त लिहितोय.

आधी कॉमन काय ते ठरवा. ही व्हॅल्यू उद्या बदलली तर सगळ्या कस्टमरकडे एकदम बदललेली चालेल का? चालत असेल तर कॉमन. आज योगायोगाने सगळ्यांची सारखी आहे म्हणून टाकू नका. बॅकअपची वेळ सगळ्यांची रात्री दोनची दिसते, पण ती ठरवतो कस्टमर, म्हणजे ती त्याच्याच फाइलमध्ये. कॉमन फाइल जितकी छोटी तितकं बरं.

आता फाइली कुठे ठेवायच्या. प्रत्येक कस्टमरची इन्व्हेंटरी, म्हणजे त्याच्या सर्व्हरची ग्रुपवार यादी, वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि त्या फोल्डरच्या आत त्याचं स्वतःचं ग्रुप-व्हार्स (group_vars) फोल्डर, ज्यात ग्रुपच्या नावाच्या फाइलीत त्या ग्रुपचे व्हेरिएबल असतात. कॉमन गोष्टींसाठी प्लेबुकच्या शेजारी एक ग्रुप-व्हार्स आणि त्यात 'ऑल' नावाची फाइल, म्हणजे सगळ्या सर्व्हरना लागू होणारी. हे जवळजवळ सगळेच करतात. मग कस्टमरची व्हॅल्यू कुठे टाकायची, तर साहजिकच त्याच्या इन्व्हेंटरीतल्या 'ऑल' फाइलमध्ये टाकली जाते, आणि तिथेच फसतं.

समजा कॉमन फाइलमध्ये एनटीपी सर्व्हर इंटरनेटवरचा आहे. अल्फा नावाच्या कस्टमरचं नेटवर्क बंद आहे, त्याचा आतला टाइम सर्व्हर आहे, म्हणून अल्फाच्या इन्व्हेंटरीतल्या 'ऑल'मध्ये आतला आयपी लिहिला. प्लेबुक चालवलं, सगळं हिरवं, कुठेही एरर नाही. आणि सर्व्हरवर बघितलं तर क्रोनीच्या (घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलमध्ये इंटरनेटवालाच सर्व्हर! कारण एकच व्हेरिएबल दोन ठिकाणी असेल तर कोणाचं लागणार याचा ॲन्सिबलचा क्रम ठरलेला आहे, आणि त्यात प्लेबुकशेजारचं 'ऑल' हे इन्व्हेंटरीतल्या 'ऑल'च्या वर येतं, म्हणजे तेच जिंकतं. कस्टमरचं म्हणजे जास्त खास, म्हणून तेच जिंकेल असं आपण धरून चालतो, पण ॲन्सिबलला तुमचा कस्टमर कोण ते काय माहीत.

यावर उपाय असा. इन्व्हेंटरीत कस्टमरच्याच नावाचा एक ग्रुप करा, 'अल्फा', आणि त्याच्या पोटात वेब, डीबी वगैरे ग्रुप घाला. कस्टमरच्या व्हॅल्यू मग 'ऑल'मध्ये नाही तर ग्रुप-व्हार्समधल्या 'अल्फा' फाइलमध्ये. नाव असलेल्या ग्रुपची फाइल दोन्हीकडच्या 'ऑल'वर मात करते, त्यामुळे कॉमन खाली आणि कस्टमर वर, हवं तसं.

याच्या जोडीला एक नियम कडक पाळायचा, प्लेबुकशेजारच्या ग्रुप-व्हार्समध्ये 'ऑल' सोडून दुसरी फाइल ठेवायचीच नाही. तिथे कोणी 'वेब' फाइल टाकली की ती इन्व्हेंटरीतल्या 'अल्फा'लाच काय, इन्व्हेंटरीतल्या 'वेब'लाही खाऊन टाकते. वेबसाठी सगळीकडे सारखं काही हवं असेल तर ते रोलच्या (पुन्हा वापरायच्या टास्कच्या गठ्ठ्याच्या) डिफॉल्ट्समध्ये जाऊ द्या, तो थर सगळ्यात कमजोर, कोणीही ओव्हरराइड करू शकतं. रोलच्या व्हार्स फोल्डरमध्ये मात्र नको, तो बराच वरचा थर आहे, इन्व्हेंटरीतून त्याला काही करता येत नाही.

लिस्ट आणि डिक्शनरीचं वेगळं दुखणं. वरच्या थरात तेच नाव आलं की ॲन्सिबल दोन्ही जोडत नाही, खालचं अख्खं फेकून वरचं घेतं. म्हणजे कॉमनमध्ये फायरवॉलचे चार पोर्ट आहेत आणि अल्फाने त्याच नावाने एक पोर्ट लिहिला, तर अल्फाकडे एकच पोर्ट उरतो. डिक्शनरीपुरतं हे बदलायचं सेटिंग आहे (लिस्ट त्यानेही जोडल्या जात नाहीत), पण त्याला हात लावू नका, ते अख्ख्या प्रोजेक्टचं वागणं बदलतं आणि दुसऱ्यांचे रोल विचित्र वागायला लागतात. त्यापेक्षा दोन नावं ठेवा, 'कॉमन पोर्ट' आणि 'कस्टमर पोर्ट', दुसऱ्याचं डिफॉल्ट रिकामी लिस्ट, आणि टास्कमध्ये दोन्हींची बेरीज. डिक्शनरी असेल तर कंबाइन फिल्टर (दोन डिक्शनरी एकत्र करणारा), आत आणखी डिक्शनरी असेल तर त्याला रिकर्सिव्ह ट्रू द्यायचं.

कमांडवरून मायनस-ई ने दिलेला व्हेरिएबल सगळ्यांना हरवतो, ते माहीत असतंच. पण की-बरोबर-व्हॅल्यू असं दिलं तर ती स्ट्रिंग जाते, त्यामुळे 'फॉल्स' लिहूनही ते खरं फॉल्स नसतं. जेसन फॉर्ममध्ये द्या नाहीतर बूल फिल्टर लावा. तसंच फाइलमध्ये व्हर्जन नंबर कोट्समध्येच लिहा, 1.10 नुसतं लिहिलं तर यामल (या फाइलींचा फॉरमॅट) त्याला आकडा समजून 1.1 करतं.

चालवताना एका वेळी एकाच कस्टमरची इन्व्हेंटरी द्यायची. सगळ्या इन्व्हेंटरी एकदम दिल्या तर त्या एकत्र होतात, आणि अल्फाकडे डीबी-01 आणि बीटाकडेही डीबी-01 असेल तर ॲन्सिबलच्या दृष्टीने तो एकच होस्ट (सर्व्हर), दोघांचे व्हेरिएबल एकमेकांत मिसळलेले. विचार करूनच घाम फुटतो. म्हणून होस्टच्या नावातच कस्टमरचा कोड घाला. शिवाय प्लेबुकच्या पहिल्याच टास्कमध्ये असर्ट (अट तपासणारं मॉड्यूल) ठेवा, कस्टमर कोड दिलेला आहे का आणि होस्टचं नाव त्याच कोडने सुरू होतं का, नसेल तर तिथेच थांब.

पासवर्ड कॉमनमध्ये नाही म्हणजे नाही, मॉनिटरिंगचा का असेना. प्रत्येक कस्टमरची व्हॉल्ट फाइल (ॲन्सिबलने एन्क्रिप्ट केलेली) वेगळी, आणि व्हॉल्टचा पासवर्डही वेगळा. नुसतं व्हॉल्ट आयडीचं लेबल वेगळं ठेवून भागत नाही, कारण लेबल ही फक्त खूण आहे, जुळलं नाही तर ॲन्सिबल हातात असलेले बाकीचे पासवर्डही लावून बघतं. ज्या टास्कमध्ये पासवर्ड वापरताय तिथे नो-लॉग (त्या टास्कचं आउटपुट लपवणारं सेटिंग) लावा, नाहीतर फाइल एन्क्रिप्टेड आणि लॉगमध्ये उघडा असा प्रकार होतो.

शेवटी कोणती व्हॅल्यू लागतेय ते अंदाजाने ठरवू नका. ॲन्सिबल-इन्व्हेंटरी कमांडला होस्टचं नाव दिलं की जुळून आलेल्या व्हॅल्यू दाखवते, फक्त प्लेबुक-डिर ऑप्शनने प्लेबुकचं फोल्डरही द्या, नाहीतर तुमची कॉमन फाइल त्यात धरली जाईल याचा भरवसा नाही. प्लेमध्ये किंवा टास्कमध्ये लिहिलेले व्हेरिएबल इथे येत नाहीत, त्यासाठी डीबग टास्कच टाकावा लागतो.

कॉमन फाइलमध्ये बदल केला की आधी टेस्ट इन्व्हेंटरीवर चालवा, मग प्रत्येक कस्टमरवर चेक (खरा बदल न करता चालवणं) आणि डिफ (काय बदलेल ते दाखवणं) लावून बघा. अल्फाच्या डिफमध्ये काहीच दिसलं नाही तर खूश होण्याआधी बघा की अल्फाने तो व्हेरिएबल ओव्हरराइड केलाय का, आणि केला असेल तर त्याच्या फाइलमध्ये त्या ओळीवर कारण लिहिलंय का. कारण नसेल तर आत्ताच विचारून लिहून टाका, सहा महिन्यांनी सांगणारा कोणी सापडत नाही.