जुन्या कॉम्प्युटरवर डीव्हीडीवरून लिनक्स टाकताय? या चुका टाळा

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, तरी मेव्हण्याचा कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा कॉम्प्युटर त्यावरच रडतखडत चालला होता. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरलं. पेन ड्राइव्हवरून बूट होणं, म्हणजे सुरू होणं, त्याच्या बायॉसला (मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमला) जमेना, म्हणून डीव्हीडी. मग माझे दोन रविवार गेले. बूट ऑर्डर (मशीनने आधी कुठून सुरू व्हायचं तो क्रम) बदलली, केबल बदलली, शेवटी दुसरा डीव्हीडी ड्राइव्ह आणून लावला. दोष निघाला डिस्कमध्ये, आणि ती राइट केली होती मीच.

आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत, मी डिस्कवर नुसती कॉपी केली होती. ही चूक सर्रास होते. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. आत एकच भलीमोठी आयएसओ फाइल दिसली, तर ती जन्मात बूट होणार नाही. ‘बूट’, ‘कॅस्पर’ अशी फोल्डरं दिसायला हवीत. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक केलं की ‘बर्न डिस्क इमेज’ मिळतं. तिथे व्हेरिफायच्या चौकोनात टिक करा. अर्धवट डाउनलोड झालेली फाइलसुद्धा निमूटपणे राइट होते, म्हणून साइटवर दिलेला एसएचए२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी उतरलीय का, हे तपासायची खूण) आधी जुळवून घ्या.

मिंटची फाइल तीन जीबीच्या आसपास असते, साध्या ४.७ जीबीच्या डीव्हीडीत आरामात बसते. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सचं २४.०४ डेस्कटॉप मात्र मावत नाही. आणि ड्राइव्हवर डीव्हीडी असं छापलंय ना, तेही बघा. नुसत्या सीडी-रॉमला डीव्हीडी वाचता येत नाही.

प्रोसेसरच्या नावात एक गंमत आहे. कोअर ड्युओ आणि कोअर टू ड्युओ दोन्ही २००६ चेच, पण पहिला ३२-बिट, दुसरा ६४-बिट. आताचं मिंट फक्त ६४-बिटवर चालतं. पहिल्या जातीचं मशीन असेल तर डेबियन १२ हे लिनक्स घ्या. डेबियन १३ मध्ये ३२-बिट इन्स्टॉलरच नाही.

इन्स्टॉल मध्येच अडकलं, तर लगेच हार्ड डिस्कला शिव्या घालू नका. पुन्हा सुरू करा आणि कुठे अडकतं ते बघा. दर वेळी त्याच जागी थांबत असेल तर डीव्हीडी किंवा तिच्या ड्राइव्हवर संशय घ्या. दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर रॅमवर. काळ्या स्क्रीनवर एररच्या ओळी धावल्या तर त्यात ‘एसआर०’ शोधा, तो डीव्हीडी ड्राइव्ह. ‘एसडीए’ असेल तर बहुतेक वेळा ती हार्ड डिस्क. रॅमचा संशय असला तर आधी पॉवरची वायर काढा, मग रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसून पुन्हा बसवा. हसू नका, माझ्याकडे निम्म्या वेळा एवढ्यावरच भागतं. नाहीच भागलं तर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवा.

स्क्रीन काळीच राहत असेल तर बूट मेन्यूतला ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडा.

प्रत्येक वेळी बूट ऑर्डर आणि तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल गेलाय. बहुतेक बोर्डांवर तो सीआर२०३२ असतो. चुकीच्या तारखेमुळे पुढे इंटरनेटवर सर्टिफिकेटच्या तक्रारी येतात आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

सगळं झाल्यावर रीस्टार्ट केलं, तरी पुन्हा इन्स्टॉलचाच डेस्कटॉप दिसतोय? डीव्हीडी बाहेर काढा. ड्राइव्हमध्ये डिस्क राहिली की मशीन तिच्यावरूनच बूट होतं. इन्स्टॉल झालंच नाही असं समजून तीन-तीनदा सगळं नव्याने करणारे लोक मी पाहिलेत.

या सगळ्यांपेक्षा महागात पडणारी चूक मात्र वेगळीच. विंडोज टाकताना आपल्याला ‘सी फॉरमॅट कर, डी राहू दे’ याची सवय असते. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये ‘इरेज डिस्क’ म्हणजे सगळी हार्ड डिस्क: सी गेला, डी गेला, असला तर ईसुद्धा गेला. मेव्हण्याच्या डीमध्ये मुलीच्या बारशापासूनचे फोटो होते. डीव्हीडी बूट होत नव्हती त्या पहिल्या रविवारी दुसरा उद्योग नव्हता, म्हणून ते मी एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवले होते.